दोन लाखांचं रण, चौघांचं टेबल



विषयाचा फलक बाहेर लागल्यापासून मला दोन प्रश्न विचारले गेले. एक, ‘म्हणजे पोरं मोबाइलवर खेळतात तेच ना?’ आणि दुसरा, ‘यावर व्याख्यान?’ पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. तासाच्या आत आवरतं घेईन, एवढं आश्वासन देतो.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते इतिहास शिकवत. लढाईचा धडा आला की फळ्यावर आधी नदी काढायची, मग टेकड्या, मग दोन्हीकडच्या छावण्या. सनावळी नंतर. आधी प्रश्न: ‘पोरांनो, पाणी कुणाच्या बाजूला आहे?’ आज मी ज्या लढायांबद्दल बोलणार आहे त्या काल्पनिक आहेत, राक्षस-यक्षांच्या आहेत, टेबलावर फासे टाकून खेळायच्या आहेत. पण सरांचा प्रश्न तिथेही तेवढाच लागू पडतो.

खेळ असा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र: कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो जग चालवतो. पुढे दरी आहे, पूल तुटलेला आहे, पलीकडे कुणीतरी उभं आहे, हे तो सांगतो. खेळाडू सांगतात आमचं पात्र काय करतं. जमलं की फसलं हे जिथं सांगता येत नाही तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावानं हा खेळ छापला. जग चालवणाऱ्याला तिथं डंजन मास्टर म्हणतात. आपली पोरं नुसतं ‘डीएम’ म्हणतात.

सांगलीत हे समजावताना फार घाम गाळावा लागू नये. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी इथं खेळ करून गेली. ते पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. दर ५ नोव्हेंबरला या गावात त्याचा उत्सवच असतो. मला त्यातली फक्त रीत हवी आहे. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार सुरुवातीला येऊन जात नसे, तो शेवटपर्यंत रंगमंचावर असे. पदं तो म्हणे. कथा कुठं आली, कोण आलं, का आलं, हे त्याच्या पदातून कळे. आणि पात्रांची भाषणं? ती लिहिलेली नसत. आख्यान ठरलेलं, पदं ठरलेली, बोलायचं ज्याचं त्यानं, त्या क्षणी सुचेल तसं. म्हणजे एक माणूस गोष्ट धरून ठेवतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. फरक एवढाच की भाव्यांच्या रंगमंचावर इंद्रजित मरणार हे प्रेक्षकांना घरून निघतानाच माहीत असे. आमच्या टेबलावर ते डीएमलाही माहीत नसतं.

इंद्रजिताचं नाव मुद्दाम घेतलं. भाव्यांनी १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून प्रयोग केला, तो ‘इंद्रजितवध’ या आख्यानाचा. लंकेची लढाई! एका बाजूला वानरसेना, दुसऱ्या बाजूला राक्षससेना, आणि मंडळीत नट किती, तर एका माडीत मुक्कामाला मावतील एवढे. देवपार्टी, राक्षसपार्टी असे त्यांचे गट. राक्षसपार्टी ‘अलल्ल डुर्र’ अशी आरोळी ठोकत यायची, राळेचा भपका उडायचा, तलवारींचा खणखणाट व्हायचा. पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या मंडळींनी याची ‘तागडथोम’ म्हणून टिंगल केली. टिंगल करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली नाही. सेना रंगमंचावर आणायचा प्रयत्नच भाव्यांनी केला नव्हता. सेना सूत्रधाराच्या पदात असायची. रंगमंचावर फक्त दोन वीर समोरासमोर असायचे. सेना सांगायची, वीर दाखवायचे. टेबलावर मोठी लढाई चालवण्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते याच वाटणीबद्दल आहे.

कारण नवशिका डीएम नेमकं उलट करतो. त्याला वाटतं, चारशे गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, आहेत तर चारशे गॉब्लिन खेळवले पाहिजेत. हिशेब करू. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. एका गॉब्लिनची चाल उरकायला अर्धा मिनिट धरा. चाळीस गॉब्लिन असतील तर एका फेरीत वीस मिनिटं डीएम एकटाच फासे टाकत बसतो. चारशे असतील तर तीन तास वीस मिनिटं. सहा सेकंदांच्या लढाईला! तोवर खेळाडू चहा पितात, फोन बघतात, आणि दुसऱ्या फेरीला निम्मे घरी गेलेले असतात.

यावर गणिती उपाय आहेत आणि ते वाईट नाहीत. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा वीसात एकदा पडतो. नायकाचं चिलखत इतकं भारी असलं की वीस पडल्याशिवाय बाण लागतच नाही, तर वीस तिरंदाजांमागे एक बाण लागला असं धरायचं आणि पुढं जायचं. शंभर तिरंदाज असतील तर पाच बाण. तेरा-चौदा पुरेसे असतील तर तिघांमागे एक. २०१४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात असा तक्ताच दिलेला आहे. फासे न टाकता जमावाचा मारा मोजता येतो. तो तक्ता मी वापरतो. पण त्यानं वेळ वाचतो, लढाई होत नाही. आकडे भराभर कमी झाले म्हणजे रण दिसलं असं नाही.

लष्करी खेळांचा इतिहास इथं थोडा उपयोगी पडतो, म्हणून दोन मिनिटं. प्रशियाचा लेफ्टनंट राइसविट्झ यानं १८२४ मध्ये वडिलांच्या जुन्या खेळावरून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीगस्पील’ तयार केला. त्यात नकाशा असे, ठोकळे असत, फासे असत. पण खरी युक्ती पंचाची होती. दोन्ही पक्षांना एकमेकांचं सैन्य दिसत नसे. सेनापतीनं हुकूम लिहून पंचाकडे द्यायचा आणि जासूद घोड्यावरून तिथं पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढ्या वेळानं तो लागू व्हायचा. पुढं १८७६ मध्ये प्रशियाच्याच व्हेर्दी दु व्हेर्न्वानं म्हटलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच निकाल देईल. अमेरिकेत गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ १९७१ मध्ये आलं. त्यात एक बाहुलं म्हणजे वीस माणसं, आणि एक वीर म्हणजे चार माणसांच्या तोडीचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ त्यातूनच निघालं. म्हणजे हा खेळ मुळात सैन्याचाच होता. त्यातून एकेका माणसाची गोष्ट नंतर वेगळी झाली. आणि आज आपण विचारतो आहोत की त्या एका माणसाला परत सैन्यात कसं न्यायचं.

माझं मत विचाराल तर चेनमेलच्या बाहुल्यांपेक्षा राइसविट्झचा उशिरा पोचणारा जासूद मला जास्त कामाचा वाटतो. कारण मोठ्या लढाईत कुणालाच लढाई दिसत नाही. प्रत्येकाला समोरची धूळ दिसते आणि उरलेलं ऐकू येतं. डीएमनं नकाशा टेबलावर उघडा पसरून ठेवला की खेळाडू बुद्धिबळ खेळायला लागतात. सांगलीत बुद्धिबळाला काही बोलायची माझी हिंमत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात उभा आहे मी. पण पटावर दोघांनाही सगळं दिसतं. रणात ते दिसत नाही.

मोठी लढाई आपल्याकडे सर्वांत नीट कुणी बांधली असेल तर व्यासांनी. महाभारतात आधी मोजणी येते. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ म्हणजे एक पत्ती. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, दर पायरीला तिप्पट. आणि दहा अनीकिनी म्हणजे अक्षौहिणी: २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. अशा अकरा कौरवांकडे, सात पांडवांकडे. ही शिडी मी जशीच्या तशी टेबलावर आणली आहे. परदेशी बाहुली महाग पडतात. आमच्याकडे हळकुंड म्हणजे हत्ती, बेदाणा म्हणजे रथ, चिंचोका म्हणजे घोडा आणि शेंगदाणा म्हणजे पायदळ. एका वाटीत पत्ती मावते. ती वाटी गुल्म आहे की चमू हे डीएमनं सांगितलं की झालं, शेंगदाणे तेवढेच राहतात. पायदळाची हानी मात्र शत्रूपेक्षा खेळाडूंच्या हातून जास्त होते.

पण मोजणी झाल्यावर व्यास काय करतात ते बघा. अठरा अक्षौहिणी सांगून झाल्या की ते पुन्हा क्वचितच त्या मोजतात. युद्ध सेनापतींनी विभागलेलं आहे: भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन, शल्य एक. धृतराष्ट्राला सगळं संजयाकडून कळतं. आणि संजय सैन्याबद्दल दोन श्लोक बोलून ताबडतोब एका माणसापाशी येतो. आज कुणाला गाठायचं आहे? कुणी कुणाला अडवलं आहे? सूर्यास्ताला किती वेळ आहे?

तेरावा आणि चौदावा दिवस डीएमनं पाठ करावेत असे आहेत. तेराव्याला चक्रव्यूह. अभिमन्यूला आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. म्हणून चार पांडवांनी मागोमाग आत यायचं ठरतं. आणि जयद्रथ तोंड अडवून उभा राहतो. आता हेच टेबलावर करून बघा. पाच खेळाडूंपैकी एक आत गेला आणि डीएमनं बाकीच्या चौघांना सांगितलं, ‘दार बंद झालं, तुमचे फासे चालणार नाहीत,’ तर चौघंही पुस्तकं मिटून उठतील. त्यांना कुणी दोष देऊ नये. व्यासांवर तसा दोष येत नाही, कारण त्यांनी सोय फार आधी करून ठेवली आहे. वनपर्वात द्रौपदीला पळवताना जयद्रथ पकडला जातो, त्याची अब्रू जाते, तो तप करतो आणि शंकराकडून वर मिळवतो: अर्जुन सोडून बाकी पांडवांना एक दिवस थोपवता येईल. वर तेव्हाच मिळालेला आहे. आणि तेराव्या दिवशी संशप्तक अर्जुनाला दूर ओढून नेतात. म्हणजे दार बंद झालं ते फासे टाकायच्या कितीतरी आधी, आणि खेळाडूंच्या डोळ्यांदेखत. मोठ्या लढाईत खेळाडूंच्या विरोधात जाणारी प्रत्येक गोष्ट अशी आधी पेरलेली असावी लागते. शत्रूच्या गोटात राक्षसी गरुड आहे हे तीन बैठकींपूर्वी कुणाच्या तरी बोलण्यात आलेलं असलं पाहिजे. ऐन वेळी आकाशातून आणलेला गरुड खेळाडू माफ करत नाहीत.

चौदाव्या दिवशी अर्जुनाची प्रतिज्ञा: सूर्य मावळायच्या आत जयद्रथ मेला पाहिजे. आता पूर्ण सैन्य म्हणजे नुसतं अंतर झालं, अर्जुनाचा रथ आणि जयद्रथ यांच्यामधलं. किती हत्ती मेले हे कुणी विचारत नाही. सगळे सूर्याकडे बघतात. दोन लाख सैनिक एका घड्याळात बसवायचे असतील तर ते असे.

आता आपल्या मुलखातली खरी लढाई घेतो. मार्च १७९५, खर्डा. निजामअली एकीकडे, पेशव्यांचं सैन्य दुसरीकडे, आणि मराठ्यांचं सेनापतिपद पटवर्धनांच्या परशुरामभाऊंकडे. मिरज-तासगावच्या पटवर्धनांना या सभागृहात ओळखीची गरज नाही. दोन्हीकडचा आकडा मिळून दोन लाखांवर जातो. सातारच्या दरबारात रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात ही लढाई सांगितली आहे. त्यातले दोन प्रसंग मला टेबलासाठी सोन्यासारखे वाटतात.

पहिला सकाळचा. परशुरामभाऊ टेहळणीला पुढं गेले आणि लालखानाच्या पठाणांनी एकदम हल्ला चढवला. लालखानानं स्वतः भाऊंना जखमी करून घोड्यावरून खाली पाडलं. बाप पडलेला पाहून थोरला मुलगा हरिपंत धावला आणि त्यानं लालखानाला मारलं. याच गडबडीत विठ्ठलराव पटवर्धन पडले, आणि मराठ्यांकडच्याच बाबाराव फडक्यांची माणसं पळत सुटली. सेनापती जमिनीवर आहे, एक कुमक पळते आहे, शत्रूचा सरदार तलवार उचलून उभा आहे. दोन लाखांच्या लढाईत हा तुकडा पन्नास पावलांचा आहे. पण तो पन्नास पावलांचा तुकडा गेला असता तर दोन लाखांचं काय झालं असतं?

दुसरा रात्रीचा. दिवस संपला तेव्हा खरं तर काहीच ठरलं नव्हतं. निजामाकडे रेमंड या फ्रेंचाच्या शिस्तीच्या पलटणी होत्या आणि त्या चांगल्या उभ्या होत्या. पण निजाम जनाना बरोबर घेऊन आला होता, आत घबराट होती, आणि त्यानं माघारीचा हुकूम दिला. अंधारात मराठ्यांची एक छोटी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेली. तिथं मोगलांची, म्हणजे निजामाच्या माणसांची, एक तुकडी पडलेली होती. त्यांनी गोळी झाडली. जवळच रेमंडचे पहारेकरी होते, त्यांनीही झाडली. मग दिवसभराच्या बंदुका भरलेल्याच उशाशी घेऊन झोपलेली रांगच्या रांग दचकून उठली आणि जमेल त्या दिशेला बार काढायला लागली. त्या आवाजानं निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. सकाळी मराठ्यांना समोर मोकळं मैदान दिसलं, त्यावर सोडून दिलेल्या तोफा आणि सामान. ‘पाणी कुणाच्या बाजूला आहे?’ हा सरांचा प्रश्न मला इथं आठवतो. एवढ्या सैन्याचा निकाल एका ओढ्यावर तहानलेल्या काही घोड्यांनी लावला. मनुष्यहानी म्हणाल तर आकड्याच्या मानानं फारच थोडी.

हा ओढा मी टेबलावर आणला. आमच्या गोष्टीत निजामाच्या जागी यक्षांचा राजा होता आणि रेमंडच्या पलटणींच्या जागी मातीचे शिपाई. त्यांना दिसत नाही, पण आवाजाच्या दिशेनं ते नेम धरतात. विश्रामबागेतल्या एका घराच्या डायनिंग टेबलावर आम्ही बसलो होतो. वालचंद कॉलेजात शिकणारा एक मुलगा मांत्रिक झाला होता. मिरजेच्या इस्पितळात नर्स असलेली मुलगी घोड्यांची वैद्य. तिसरा बँकेतला, त्याचा चोर. चौथी त्याची पुतणी, तिरंदाज. मी एवढंच सांगितलं: दोन्ही सैन्यं झोपली आहेत, हुकूम आहे की उजाडेपर्यंत कुणी काही करू नये, आणि तुमच्या घोड्यांनी दुपारपासून पाणी प्यालेलं नाही. उरलेल्या दोन लाखांबद्दल एक शब्द नाही.

ते ओढ्यावर गेले. गेल्यावर नर्सनं विचारलं, ‘घोडं पाणी पिताना आवाज करतं का हो?’ मी म्हटलं, फासा टाक. तीन पडला. घोडं फुरफुरलं. पलीकडच्या काठावर तोड्याच्या बंदुकीची ठिणगी लाल झाली. इथं गोष्टीतला एक श्वास जातो, आणि टेबलावर पंधरा मिनिटं वाद झाला. पुतणीला बाण मारायचा होता. चोराचं म्हणणं, पाण्यात आडवे पडू. मांत्रिक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला आवाज लांब टाकायचा मंत्र येतो. घोड्याचं फुरफुरणं मी उचलून त्यांच्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला टाकतो.’ सतरा पडला. मातीचे शिपाई रात्रभर आपल्याच रांगेवर नेम धरत राहिले. त्या चौघांनी एकही शत्रू मारला नाही आणि सकाळी समोरची फौज नव्हती. पुतणी अजून कुरकुरते की तिचा बाण भात्यातच राहिला. तिची तक्रार रास्त आहे. पुढच्या लढाईत पहिलं काम तिला द्यायला हवं.

आता मी म्हटलं की दोन लाखांबद्दल एक शब्द नाही. तरी मोठं सैन्य मागं हलतं आहे हे जाणवायला हवं, नाहीतर ती चौघांची चकमक झाली. सूत्रधाराचं पद कुठं आहे? यासाठी मी सांगलीतलीच एक पट्टी वापरतो. आयर्विन पुलाची. पावसाळ्यात आपण कुणी नदीचं पाणी मोजायला जात नाही. ‘अडतीस झालं,’ एवढं कानावर येतं. चाळीस ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोका पातळी. चाळीस म्हटलं की सखल भागातली माणसं सामान वर उचलायला लागतात, पंचेचाळीस म्हटलं की गणपती पेठेतले दुकानदार झोपत नाहीत. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं, ते कुणाला सांगायला नको. म्हणून माझ्या लढाईलाही फूट आहेत. शत्रूचा जोर तीसवर सुरू होतो. प्रत्येक टप्प्याला दोन्ही सेनांसाठी एकेक फासा, फक्त एकेक, आणि पाणी वर किंवा खाली. खेळाडूंनी आपल्या जागी काही साधलं तर तीन-चार फूट एकदम उतरतं. फसले तर चढतं. चाळीसला आपली डावी फळी वाकते. पंचेचाळीसला बाजारबुणगे गाठोडी बांधायला लागतात. पन्नासला सेनापतीचा हत्ती वळतो. खेळाडू आपल्या ओढ्यावर, आपल्या दरवाजावर झटत असतात, आणि मी मध्येच फक्त म्हणतो, ‘बेचाळीस.’ पुण्याच्या खेळाडूंना हे समजावून सांगावं लागलं. सांगलीतल्या टेबलावर सगळे एकदम गप्प होतात.

आकडा खोटा सांगायचा नाही. माझा यावर फार कटाक्ष आहे. काही डीएम पडद्याआड फासे टाकून आपल्याला हवं ते सांगतात. म्हणतात, गोष्ट चांगली व्हावी म्हणून. लहान चकमकीत ते एखाद वेळी खपतं. मोठ्या लढाईत खेळाडूंना आधीच वाटत असतं की आपण काडीमोल आहोत. दोन फासे खरे पडताना दिसले नाहीत तर ‘शेवटी काय करायचं ते तूच ठरवणार,’ असं म्हणून त्यांचं मन उडतं. म्हणून सेनांचे फासे मी उघड्यावर टाकतो.

खेळाडू पळाले तर? हा प्रश्न हमखास येतो. पळू द्यावं. बाबाराव फडक्यांची माणसं पळाली म्हणून खर्ड्याची लढाई संपली नाही. पळालेल्या खेळाडूंना मी संध्याकाळच्या छावणीत नेतो आणि विचारतो, आता सेनापतीला काय सांगणार? तो प्रसंग लढाईपेक्षा अवघड जातो.

आणि लढाईनंतरची बैठक. ही बहुतेक जण टाळतात, ‘जिंकलात, बक्षीस घ्या’ म्हणून उरकतात. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळत पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडांमागून खंड काढला. तो चाळून बघा. मोहिमेवरच्या पत्रांत तलवारीच्या वारांपेक्षा पैसा, दाणा, वैरण आणि कोण कुणावर रुसलं आहे हेच जास्त. टेबलावर हे सगळं आणता येत नाही, आणूही नये. पण सैन्याला पगार कुणी द्यायचा हा एक प्रश्न टाकला की पुढच्या महिनाभराचा खेळ आपोआप मिळतो.

खर्ड्यानंतर निजामानं दौलताबादसह मुलूख तोडून द्यायचं कबूल केलं, तीन कोटी रुपये कबूल केले आणि आपला दिवाण मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली केला. तो पुण्यात नजरकैदेत आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात वारसाचा घोळ सुरू झाला, आणि त्या घोळात सगळ्यांना गरज पडली ती या कैद्याची. त्यानं आपली सुटका करून घेतली आणि तहातलं बरंचसं परतही मिळवलं. एवढी मोठी फौज जे जिंकून आली ते एका माणसानं कैदेतून बोलून उलटवलं. आमच्या यक्षराजाचाही एक दिवाण आहे. ओढ्यावरच्या त्या रात्रीनंतर तो चौघांच्या ताब्यात आला आणि त्याला कुठं ठेवायचं हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. चोराचं म्हणणं, आपल्याच वाड्यात ठेवू. येत्या शनिवारी बसतो आहोत, आणि तो दिवाण काय बोलणार हे मी थोडंफार लिहून ठेवलं आहे.